महाराजांची गोळी लागलेलं हरीण

"उद्या दुपारपर्यंत ते हरीण दरबारात आलं नाही, तर करवंदी गावाला रान बंद!"

तांबळगडच्या हैबतराव महाराजांनी हुकूम सोडला आणि करवंदीकरांच्या तोंडचं पाणी पळालं. रान बंद म्हणजे गुरांना चारा नाही आणि चुलीला लाकूड नाही. बरं, ते हरीण आणायचं तरी कुठून? ते मेलंच नव्हतं. मेलं कसलं, त्याला गोळीच लागली नव्हती!

महाराजांना शिकारीचं भारी वेड. नेम मात्र असा, की हरणापेक्षा आजूबाजूच्या झाडांनीच जपून राहावं. पण हे त्यांना सांगणार कोण? बार उडाला रे उडाला, की सगळे सरदार एका सुरात ओरडत, "लागली, लागली!" हरीण टणाटण उड्या मारत दिसेनासं झालं, तरी पुढे जाऊन पडेल म्हणत. मग मुजरे होत, पानसुपारी होई आणि मंडळी घरोघर जात. रान उठवून घसा बसलेल्या करवंदीच्या हाकाऱ्यांना मात्र ठणठणपाळ. जनावर पडलं तर त्यांना एक तंगडी द्यायची असा रिवाज होता, आणि जनावर काही पडत नव्हतं.

या खेपेला महाराजांचे व्याही पाहुणे आले होते. त्यांनी सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "लागली म्हणता, मग हरीण कुठंय?" व्याह्यांसमोर मान खाली घालायची म्हणजे काय! महाराज लालबुंद झाले, आणि हाकाऱ्यांचा म्होरक्या लिंबाजी याच्यावर तो हुकूम येऊन आदळला.

लिंबाजीनं गोळी शोधून काढली होती. ती एका सागाच्या खोडात रुतून बसली होती. हे सांगावं तर महाराजांचा अपमान. गुपचूप दुसरं हरीण मारून न्यावं तर ती चोरी, कारण रयतेला शिकारीची बंदी होती. इकडे आड, तिकडे विहीर. म्हाताऱ्यानं ताट दूर सारलं. त्याची लेक येसू ते परत त्याच्यापुढे ओढत म्हणाली, "बाबा, तुमी निवांत जेवा. उद्या दरबारात म्या जाते."

दुसऱ्या दिवशी येसू पोचली तेव्हा दरबारात बंदुकांवरून जुंपली होती. महाराजांची रुंद नळीची बंदूक सरदार रायाजीरावांनी पसंत करून आणलेली. तिची गोळी आवळ्याएवढी. ती लागली की जनावर पुढचं पाऊल उचलत नाही, जागच्या जागी बसतं, असं रायाजीराव शपथेवर सांगत होते. सरदार सुभानरावांचं म्हणणं, आवळे लोणच्याला ठेवावेत. शिकारीला अरुंद नळी आणि हरभऱ्याएवढी गोळीच बरी, ती लांब जाते आणि सरळ जाते. दोघांच्या पगड्या तिरक्या झाल्या होत्या. रिकाम्या हातानं उभी असलेली येसू दिसली आणि वाद तिथंच थांबला.

"हरीण कुठंय?" महाराजांनी विचारलं.

"घावलं, सरकार. पर आणलं न्हाई. तुमच्या अब्रूपायी न्हाई आणलं."

महाराजांच्या भुवया वर गेल्या. येसूनं मग त्यांचाच कायदा त्यांच्यापुढे ठेवला. एका बंदुकीला वर्षाला एकच शिंगाळा नर. हरणी आणि पाडस यांना हात लावायचा नाही. गोळी खाऊन पळालेलं जनावरही मोजायचं. जो जास्त मारील त्याची बंदूक वर्षभर देवीच्या देवळात जमा! सरदारांनी रान ओरबाडायला घेतलं तेव्हा महाराजांनी हा कायदा केला होता. तो स्वतःलाही लावला, याचा त्यांना कोण अभिमान.

"दसऱ्याला सरकारांची गोळी लागली," येसू म्हणाली. "दिवाळीच्या पाडव्याला लागली. आन् कालबी लागली. हे सरदारच वरडत हुते. आता म्या हरीण आणून हितं ठिवलं, तर जास्तीच्या शिकारीचा पुरावाच की वो त्यो!"

व्याह्यांचा अडकित्ता थांबला. महाराजांनी सरदारांकडे पाहिलं आणि हे खरं का म्हणून विचारलं. सरदारांना जमिनीवरचा गालिचा एकाएकी फार आवडू लागला. हो म्हणावं तर महाराजांची बंदूक आजच देवळात. नाही म्हणावं तर इतके दिवस काय ओरडत होतो?

सुभानरावांनी तेवढ्यात संधी साधली. गोळ्या लागल्या असतील, पण रुंद नळीत दमच नाही, त्याला महाराज काय करणार, असं ते हळूच म्हणाले.

"मग रायाजीरावांस्नीच इचारा," येसू म्हणाली. "आवळ्याएवढी गोळी खाऊन जनावर उठतं का वो, सरदार?"

रायाजीरावांनी एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा बंदुकीकडे. शेवटी बंदुकीची माया जड ठरली. "उठत नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बंदुकीत काही खोट नाही, महाराज. गोळी हुकली होती."

"कधी?"

"दर खेपेला."

महाराजांनी येसूकडे मोर्चा वळवला. "मग हरीण घावलं म्हणालीस, ते खोटं?"

"खोटं कशापायी? आमच्या हुलग्यात चरतंय की. तब्येत झ्याक हाय."

महाराजांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी एकदम मांडीवर थाप मारली. "अरे, म्हणजे माझा यंदाचा नर अजून शिल्लक आहे!" आणि ते खदाखदा हसायला लागले. व्याही तर डोळे पुसत हसत होते.

रान खुलं राहिलं. जनावर पडो न पडो, हाकाऱ्यांना दर शिकारीला कोठारातून धान्य मिळू लागलं. येसूला लुगडं-चोळी मिळाली आणि वर एक कामही. गोळी लागली की हुकली, हे यापुढे तिनंच सांगायचं, सरदारांनी तोंड उघडायचं नाही.

पुढच्या शिकारीला महाराजांनी बार काढला. धूर विरला. नर होता तिथंच उभा. सगळ्यांच्या नजरा येसूकडे वळल्या.

"हुकली, सरकार," ती म्हणाली. "पर या येळी त्यानं मान वळवून बगितलं तरी!"

महाराज इतक्या मोठ्यानं हसले, की आता मात्र ते हरीण पळालं.