ठकूआईचा दिवा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा कातळखेड्याची माणसं देवापेक्षा विहिरीला जास्त भ्यायची. असं म्हणतात, ती विहीर माणूस मागायची.

एका उन्हाळ्यात तिचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायला येसू विहीरखणा उतरला. त्याच्या हातात दिवा होता आणि काठावर बायको ठकू उभी होती. अर्ध्यावर दिवा विझला. "वाऱ्यानं गेला आसंल," म्हणत येसू तसाच खाली गेला, आणि मग त्याचा आवाजच येईना. त्याला काढायला धाकटा भाऊ सटवा धावला. तोही वर आला नाही. ठकू उडी टाकणार, तोच बायांनी तिला लुगड्याला धरून मागं ओढलं.

गळ टाकून दोघांना वर काढलं आणि विहिरीवर काट्या पसरल्या. तळातली बाई दिवा फुंकते आणि माणूस गिळते, असं जो तो म्हणू लागला. भरदुपारीही तिकडं कुणी फिरकेना.

पुढं मोठा दुष्काळ पडला. नदी आटली, गुरं मेली, तान्ही पोरं पाण्यावाचून जाऊ लागली. ठकूचा एकुलता एक गोंदा आता बापाएवढा झाला होता. तो म्हणाला, "आये, मी उतरतो."

ठकूनं त्याचा हात धरला. येसू गेला तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून कधी हललाच नव्हता. म्हणूनच तिला आठवलं: आधी दिवा गेला होता, मग माणूस.

"थांब. आधी दिवा जाईल," ती म्हणाली.

तिनं काट्या बाजूला सारून पेटता दिवा दोराला बांधून सोडला. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी अर्ध्यावर तो विझला. माणसं किंचाळत पळाली.

"गिळायच्या आधी ती सांगती, पोरा," ठकू म्हणाली. "त्या दिशी आपुन ऐकलं न्हाई."

मग तिनं लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधल्या आणि खाली-वर, खाली-वर हलवत विहीर घुसळू लागली. असं म्हणतात, आतून असा हुंकार उठला की गावची कुत्री रडली. तिचे तळवे सोलले. दिवा सोडला की विझे, आणि ती पुन्हा घुसळायला लागे. दिवस कलताना दिवा तळाला टेकला आणि ज्योत ताठ उभी राहिली. असं म्हणतात, सोडला होता एकच, पण परत येऊन वरून बघणाऱ्यांना तीन दिवे दिसले. ठकू तेव्हा पहिल्यांदा रडली.

गोंदा उतरला. पाणी लागलं. गोंदा वर आला.

आजही त्या भागात आधी दिवा सोडल्याशिवाय कुणी विहिरीत उतरत नाही. दिवा विझला, की "ठकूआई नगं म्हणतीय," म्हणत सगळे काठावर थांबतात. त्यांना भित्रं कुणी म्हणत नाही.