खाच पाडलेला बोल्ट

एकदा एका गडावरील देवीच्या रोपवेची तपासणी एका वृद्ध परीक्षकाकडे आली. सारे त्यांना अण्णा म्हणत. सोबत शर्वाणी नावाची शिष्या होती. रोपवे वर्षभर बंद होता. पायऱ्या चढू न शकणारे कितीतरी वृद्ध भाविक उत्सवाच्या त्या सकाळी दर्शनाची आस धरून पायथ्याशी बसले होते. खांबांवरील बोल्टांत तडा नाही, एवढा दाखला मिळाला की पाळणे सुटणार होते.

शर्वाणी प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर यंत्राची कांडी टेकवी. कानांना ऐकू न येणारा ध्वनी लोखंडात शिरे आणि तडा असेल तेथून परतून पडद्यावर रेघ उमटवी. पुजारीबुवांनी येऊन विचारलेच, "बोल्टांची सोनोग्राफी झाली म्हणे. पेशंट बरे आहेत ना?" सारे ठणठणीत आहेत, असे सांगून ती दाखल्यावर सही करू लागली.

अण्णांनी तिला थांबवले. थैलीतून त्याच जातीचा कोरा बोल्ट काढला आणि करवतीने त्याच्या आट्यांत बारीक खाच पाडली.

"अहो अण्णा, चांगला बोल्ट नासवलात की," शर्वाणी म्हणाली.

"आता याला तपास."

पडदा स्वच्छच राहिला. डोळ्यांना दिसणारी खाच यंत्राला दिसेना. शर्वाणीचा चेहरा उतरला. आट्यांवरूनही ध्वनी परततो. त्या बारीक रेघांची गर्दी नको म्हणून आपणच यंत्राचा जोर कमी केला होता, हे तिने कबूल केले.

अण्णा प्रेमाने म्हणाले, "पोरी, बोल्ट निर्दोष म्हणून पडदा शांत नव्हता. तू यंत्राचे कान झाकले होतेस. ठाऊक असलेला दोष ज्याला दिसतो, त्यानेच 'दोष नाही' म्हणावं. संतांनी देवापुढे आधी स्वतःचं उणं उघडं केलं, म्हणून त्यांची दृष्टी निर्मळ झाली."

खाचेची रेघ आट्यांच्या रांगेतून ठळक उठेपर्यंत शर्वाणीने जोर वाढवला आणि सारे बोल्ट पुन्हा तपासले. तिसऱ्या खांबावरील एका बोल्टने तशीच रेघ दाखवली. तो बदलला गेला. दुपारी तिने सही केली, तेव्हा पुजारीबुवांनी आग्रहाने तिलाच पहिल्या पाळण्यात बसवले. अर्ध्या वाटेवर वृद्धांनी आरती धरली आणि शर्वाणीही टाळ्या वाजवू लागली.

मन शांत वाटेल तेव्हा, ते खरेच निर्मळ झाले की आपण पाहणेच कमी केले, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.