कातळावरच्या चादरी

माथेरानात दिवाळीची गर्दी उसळली, तशी हॉटेलवाल्या गुलाबशेठना गावाच्या शोभेची काळजी लागली. पॉइंटाशेजारच्या कातळावर सुंदराक्का चाळीस वर्षं लोकांची धुणी वाळवत होती. शेठ चार पाहुणे घेऊन तिथे आले आणि कडाडले, "म्हातारे, उचल हा पसारा! लोक इथे दरी बघायला येतात. उद्यापासून एक चिंधी दिसता कामा नये!"

गावभर दाट झाडी, ऊन पडायचं ते या कातळावरच. तो गेला की आक्काचा धंदा बसला.

पण ती शांतपणे म्हणाली, "बरं शेठ. आजच्या या सगळ्या चिंध्या तुमच्याच हॉटेलातल्या चादरी हायेत. आत्ताच ओल्या पाठवते. पाहुण्यांना सांगा, धबधब्यासाठी पावसाळ्यापर्यंत थांबू नका, खाटेवरच सोय केलीय."

पाहुणे खो खो हसले. एका बाईंनी मात्र काळजीने विचारलं, "यातली आमच्या खोलीतली कुठली हो?"

शेठनी घसा खाकरला. "राहू दे, आक्का. वाळव इथेच."

"मग हे टोक धरा," आक्का म्हणाली. "डबलबेडची चादर एकटीला पिळवत नाही."

आणि पाहुण्यांदेखत शेठनी ते धरलं.