दारामागचा पाहुणा

‘दार क्रमांक नऊ’ या जुन्या विज्ञानमालिकेच्या चाहत्यांचा नाशिकला मेळावा भरला होता, आणि नव्या आवृत्तीचे निर्माते रणजित पाटणकर व्यासपीठावरून त्यांनाच अक्कल शिकवत होते.

“परग्रहावरचा पाहुणा म्हणे! तेरा भाग नुसतं दार वाजत राहिलं, पाहुणा एकदाही दिसला नाही. आम्ही तो दाखवणार. आणि ते अर्धवट जुने भाग नेटवरून कायमचे काढून टाकणार.”

सभागृहात एकच गलका झाला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या हेमलता गुर्जर मात्र शांतपणे उठल्या. जुने भाग वाचवायचे तर आत्ताच, हे त्यांनी ओळखलं होतं.

“साहेब, लहानपणी तुम्हीही बघायचात ना?”

“बघायचो म्हणजे? उशीत तोंड खुपसून!”

“मग पाहुणा केवढा होता हो?”

“छताला टेकायचा!” पाटणकरांना राहवेना. “गुडघे उलटे वळलेले, अंगाला ओल्या घोंगडीचा वास...”

“माझा बुटका होता. त्याला कापराचा वास यायचा,” बाई म्हणाल्या. “पण तो तर एकदाही दिसला नाही ना, साहेब? मग तुम्ही पाहिलात कुठे?”

 बाईंनी पाटणकरांच्या मागे उभ्या केलेल्या, नव्या पाहुण्याच्या चकचकीत कटआउटकडे बोट दाखवलं.

“याला बघून उशीत तोंड खुपसाल?”

पाटणकर मागे वळले. बराच वेळ बघत राहिले.

“जुने भाग राहतील,” ते पुटपुटले.

“माइकमध्ये बोला,” हेमलताबाई म्हणाल्या. “मागच्या रांगेला ऐकू आलं नाही.”