टिटवी ठणठणीत आहे!

एका तालुक्याच्या गावी आकाशवेड्यांचं एक मंडळ होतं. त्यात पगारी कुणीच नव्हतं. विश्राम सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. कुमुदताई शिवणाचा क्लास चालवत. दिगंबरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आणि हेमांगी नुकतीच पदवी घेऊन, नोकरी शोधता शोधता, या तिघांत येऊन मिसळली होती. आपापली कामं उरकून हे चौघं दिगंबरच्या दुकानावरच्या माळ्यावर जमायचे.

कित्येक वर्षं खपून त्यांनी एक उपग्रह बनवला. केवढा? जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या पोटातल्या तारा दिगंबरने जोडल्या. उन्हातान्हातून वाचायला त्याला चंदेरी अंगरखा शिवला कुमुदताईंनी. गावाबाहेरच्या माळावर टिटव्या फार, म्हणून नाव ठेवलं 'टिटवी'. लोक म्हणाले, टिटवीचं ओरडणं अशुभ असतं. सर म्हणाले, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते, ही म्हणही आपल्याच लोकांची आहे."

एका मोठ्या रॉकेटच्या पाठुंगळी बसून टिटवी वर गेली. पृथ्वीभोवती फिरायला लागली. फेरीत गावावरून जाताना साद घालायची, टिव टिव टिटिव. गच्चीवरच्या अँटेनातून ती साद ऐकायचं काम हेमांगीचं. आवाजावरून तिला टिटवीची तब्येत कळायची.

असे आकाशवेडे गावोगावी असतात. ते एकमेकांच्या उपग्रहांना कान देतात, अडीनडीला धावतात. त्यांचा एक नियम मात्र कडक. दुसऱ्याच्या उपग्रहाला धन्याने हो म्हटल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही. पाहुण्याने विचारल्याशिवाय यजमानाच्या चुलीला हात लावू नये, तसंच हे.

एक दिवस शहरातल्या एका टीव्ही वाहिनीचा फोन आला. संध्याकाळच्या कार्यक्रमात मंडळाला बोलावलं होतं. कार्यक्रम थेट दिसणार होता. मंडळ हरखलं. दुसरा उपग्रह करायचा तर माणसं हवी होती, जागा हवी होती. चार लोकांना कळलं तर चारशे येतील, असं सरांचं गणित होतं. त्यात वाईट काही नव्हतं.

पण त्याच आठवड्यात टिटवीचा आवाज बारीक झाला. मग थांबला.

हेमांगीला कारण कळलं होतं. टिटवीची सूर्याकडे पाठ झाली होती. तिच्या पोटातली वीज आटत चालली होती. 'झोप' एवढा एक हुकूम तिला मिळाला असता, तर सगळं बंद करून ती नुसती मिळेल तेवढं ऊन खात पडली असती आणि वाचली असती. पण त्यासाठी आधी तिची साद सापडायला हवी होती, आणि गावचा अँटेना पडला लहान.

हेमांगीने सगळ्या ओळखीच्या आकाशवेड्यांना कळवलं, 'टिटवी आजारी आहे. कान द्या.' समुद्रकाठच्या एका गावात पद्माकर नाना राहायचे. उभं आयुष्य जहाजावर बिनतारी संदेश ऐकण्यात गेलेलं. त्यांच्या गच्चीवर विहिरीच्या तोंडाएवढा अँटेना होता. त्यांनी लगेच फोन केला.

"अगो पोरी, घाबरू नकोस. तुझी टिटवी ती माझी टिटवी. मी बसतो कान लावून."

हेमांगीने त्यांना हुकुमाची खूणही देऊन ठेवली. "पण नाना, हुकूम द्यायच्या आधी..."

"विचारीन गो! मी काय कालचा आलोय?"

इकडे माळ्यावर कार्यक्रमाची बैठक बसली. पहिला विषय कोणता? कपडे!

"सगळ्यांनी चंदेरी जाकिटं घालायची," कुमुदताई म्हणाल्या. "टिटवीच्या अंगरख्यातलं कापड उरलंय माझ्याकडे."

"मी मधे बसणार," दिगंबर म्हणाला. "माझी डावी बाजू कॅमेऱ्यात चांगली येते."

"तुझी कुठलीच बाजू चांगली येत नाही रे," कुमुदताई म्हणाल्या. सगळे हसले.

जाकिटाला खिसा असावा का, यावर बराच वेळ वाद झाला. हेमांगी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे कान तापले. शेवटी ती म्हणाली, "आणि टिटवीबद्दल काय सांगायचं?"

सरांनी चष्मा काढला.

सर चष्मा पुसत म्हणाले, "काय सांगायचं म्हणजे? वऱ्हाड दारात आल्यावर नवरीला ताप आहे असं कुणी ओरडून सांगतं का?"

"डॉक्टरला तरी सांगतात ना सर?"

"डॉक्टरला तू सांगितलंयस की. ते नाना बसलेत ना कान लावून? मग झालं तर. टीव्हीवर आपण जुनं रेकॉर्डिंग लावू. टिटवीचाच आवाज आहे, कुणाकडून उसना नाही आणलेला."

"आजचाच आहे असं म्हणायचं," दिगंबर म्हणाला. "जुना म्हटलं की मजा जाते."

हेमांगीचा आवाज चढला. "आमच्या आजोबांचा फोटो आहे भिंतीवर. म्हणून ते रोज पंगतीला बसतात असं सांगत सुटू का मी?"

"हिला कुणीतरी लिंबू-पाणी द्या," दिगंबर म्हणाला.

कुमुदताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "हेमू, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकू गं."

दुसऱ्या दिवशी खरं सांगू! जगातलं निम्मं खोटं याच पाटावर बसून पोटभर जेवतं, आणि तो दुसरा दिवस काही उजाडत नाही.

सरांनी हात वर करायला सांगितले. तीन हात वर गेले. हेमांगीने आपला हात मांडीखाली दाबून धरला. तिला इतका राग आला होता की उठून निघून जावं. पण टिटवीला या लोकांच्या हाती सोडून जायचा तिला धीर झाला नाही.

कार्यक्रमाचा दिवस आला. स्टुडिओच्या दारात एक टोपली ठेवली होती. थेट कार्यक्रमात फोन वाजू नयेत म्हणून चौघांचे फोन त्या टोपलीत गेले. आत दिव्यांचा लखलखाट होता. कॉलरला लावायचे माईक दोनच होते. एक सरांना लावला, एक कुमुदताईंना. दिगंबर रुसला, पण आवाज लावायचं बटण त्याच्या हातात दिल्यावर खुलला. हेमांगीला कडेची खुर्ची मिळाली.

मुलाखत घेणाऱ्या बाई हुशार होत्या. तयारी करून आल्या होत्या. टिटवी कशी केली, कुठे केली, कशातून केली, सगळं त्यांनी आस्थेने विचारलं. मग जरा पुढे झुकून म्हणाल्या, "सर, एक विचारू? अशा कामात अडचणी तर येतच असणार. सध्या टिटवी कशी आहे? सगळं ठीक आहे ना?"

बघा, बाईंनी आपण होऊन दार उघडून दिलं होतं! सरांनी फक्त पाऊल टाकायचं होतं. 'थोडी आजारी आहे, आम्ही तिला शोधतोय,' एवढं म्हटलं असतं तरी घरोघरची माणसं टिटवीसाठी हळहळली असती. पण सरांनी दिव्यांकडे पाहिलं. समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. अंगातल्या चंदेरी जाकिटाकडेही पाहिलं असेल. आणि ते हसून म्हणाले, "छे हो! अडचण कसली? टिटवी ठणठणीत आहे. ऐका तर, हा आजचाच आवाज!"

दिगंबरने बटण दाबलं. टिव टिव टिटिव! स्टुडिओ घुमला.

हेमांगी ताडकन उभी राहिली. "सर, हा आजचा नाही!" ती ओरडली. पण तिला माईक नव्हता, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. घरोघरच्या पडद्यांवर लोकांना एवढंच दिसलं की एक मुलगी तोंड उघडून उभी आहे. बाईंनाही तेवढंच दिसलं. त्या कौतुकाने म्हणाल्या, "पाहिलंत? आनंदाने खुर्चीत बसवत नाहीये हिला!"

टाळ्या आणखी वाढल्या.

कार्यक्रम संपला. सरांच्या हातात पुष्पगुच्छ आला. हेमांगी धावत टोपलीकडे गेली. तिच्या फोनवर नानांचे फोन येऊन गेले होते. एकामागून एक, किती तरी वेळा. कुमुदताईंच्या फोनवर नाना. दिगंबरच्या फोनवरही नाना. तिने नानांना फोन लावला.

"अगो, अभिनंदन!" नाना म्हणाले. "बघितला हो कार्यक्रम. झकास झाला."

"नाना, तुम्ही फोन कशाला करत होतात?"

"काही नाही गो, म्हातारपणाचे खेळ. मघाच्या फेरीत मला बारीक आवाज लागला. मुंगीच्या चालीएवढा. म्हटलं, टिटवीच ही! पुढच्या फेरीत हुकूम देऊ का, एवढं विचारायला फोन करत होतो. तुमच्यातलं कुणी उचलेना. फेरी तर आली जवळ. मग टीव्ही लावला, म्हटलं तिथे तरी कळेल. तर तुमचे सर म्हणाले, ठणठणीत आहे. आणि आवाज पण काय खणखणीत! म्हटलं, नाना, तुमचे कान गेले. यंत्र बंद केलं आणि बसलो टाळ्या वाजवत."

हेमांगीने विचारलं, "आणि ती फेरी?"

"ती गेली की. तुमच्या टाळ्या चालल्या होत्या ना, तेव्हाच गेली."

"नाना, ती टिटवीच होती! टीव्हीवरचा आवाज जुना होता!"

नाना बोलले, आणि आता त्यांच्या आवाजात माया नव्हती. "माणूस माजघरात तळमळतोय आणि तुम्ही अंगणात सनई वाजवलीत? मला फसवलंत, त्याचं सोड. माझे कान खरं सांगत होते. मी त्यांना खोटं ठरवलं. तुमच्यावर विश्वास ठेवून!" आणि त्यांनी फोन ठेवला.

राग गिळून नाना पुन्हा यंत्रापाशी बसले. त्यानंतरच्या एकूण एक फेरीला बसले. हुकूम दिले, पुन्हा दिले. वरून टिव नाही की टिटिव नाही. टिटवीच्या पोटातली शेवटची वीज त्या चुकलेल्या फेरीपर्यंतच पुरली होती.

माळ्यावर पुन्हा चौघं जमले. कुमुदताई रडत होत्या. सर म्हणाले, "वाईट झालं. पण एक आहे. कार्यक्रम चांगला झाला. आवाज जुना आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही."

हेमांगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नाही आलं सर. कुणाच्या म्हणता कुणाच्या लक्षात नाही आलं. म्हणूनच मेली ती. एकट्या नानांनी जरी आपलं खोटं ओळखलं असतं, तरी ती आज जिवंत असती!"

दिगंबर नखं कुरतडत राहिला.

पुढच्या रविवारी दुकानासमोर ही गर्दी! कार्यक्रमाचा परिणाम झाला होता. शेजारच्या गावांतून माणसं आली होती. कुणी जागा देतो म्हणत होतं, कुणी कामाला येतो म्हणत होतं. सगळ्यांचं मागणं एकच होतं, "आधी टिटवी ऐकवा."

दिगंबर सरांच्या कानाशी लागला. "तोच लावू का सर? एकदाच?"

"खबरदार!" सर इतक्या जोरात ओरडले की खालची गर्दी गप्प झाली. मग ते जिना उतरून खाली गेले आणि लोकांसमोर उभे राहिले. टिटवी केव्हा आजारी पडली, तिला कोण शोधत होतं, टीव्हीवर कोणता आवाज लावला आणि त्याने काय झालं, ते सगळं त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला आता उरलं तरी काय होतं?

लोक चिडले. कुणी तोंडावर बोललं, कुणी तोंड फिरवून चालू लागलं. भाजीची पिशवी घेऊन आलेल्या एक आजीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मास्तर, पोर आजारी आहे म्हणाला असतात, तर आम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या होय? जास्त वाजवल्या असत्या की हो!"

सरांनी मान खाली घातली.

तात्पर्य: दुखणं झाकून मिरवणाऱ्याचं खोटं पकडलं गेलं, तर त्याची अब्रू जाते. ते पकडलं गेलं नाही, तर मदतीला निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत जातो, आणि हे नुकसान अब्रूपेक्षा मोठं असतं.