उबदार गाडी

"मग ही ऊब जाते तरी कुठे, महाराज?"

उल्हास खांबेटे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भिकननाथ महाराज गाडीच्या पायरीवर उभे होते आणि आत जावं की नाही, ते ठरवत होते.

पौषातली सकाळ होती. सातपुड्यात, तोरणमाळच्या तळ्याकाठी, गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. महाराजांच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर ही गाडी चार दिवस उभी होती.

गाडी कसली, चाकांवरचं घरच. आत पलंग, ओटा, डिझेलवर चालणारा हीटर. खांबेटे नाशिकचे. त्यांनी जन्मभर द्राक्षांसाठी शीतगृहं बांधली. ज्याला थंडी आत कोंडता येते, त्याला ती बाहेर ठेवायला काय अवघड, अशी त्यांची घमेंड. चार रात्रींत ती बरीच उतरली होती, पण सगळी नव्हे.

"भिंतीत तीन इंच फोम आहे," ते म्हणाले. "काचा दुहेरी. दाराला रबर. मुंगी शिरायची नाही."

महाराज आत आले. त्यांनी भिंतीला तळवा टेकला आणि तो खांबेट्यांसमोर धरला. तळवा ओला होता.

"हे पाणी कुठलं?"

"रोज पहाटे साचतं. गादीसुद्धा दमट होते. मग हीटर कितीही वाढवा, हाडांतला गारठा जात नाही."

"कुठलं, ते विचारलं मी."

"माझ्याच श्वासाचं..."

सत्तरीपुढचे महाराज पोरासारखे हसले. संन्यास घेण्याआधी वीस वर्षं त्यांनी काश्मीरच्या वाटेवर ट्रक चालवला होता आणि केबिनमध्ये कितीतरी थंड्या काढल्या होत्या. त्यांनी हात लांब करून खिडकी बोटभर सरकवली.

"अहो, थंडी येईल!"

"थोडी येऊ दे की रे. सगळीच बाहेर ठेवायला गेलास, म्हणून ओला झालास."

खांबेट्यांना हे पटलं. फक्त ते एका ट्रकवाल्याकडून ऐकावं लागलं, हे जड गेलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

"म्हणजे छताला झरोका पाडावा लागणार," लिहिता लिहिता ते म्हणाले. "तळाच्या फळ्या बदलतो, त्याही गार पडतात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत गाडी पूर्ण होईल. मग आईला आणीन. एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला हा गारठा सोसायचा नाही."

"गाडीचं काम किती वर्षं चाललंय?"

"सहा."

"आईसाठी?"

खांबेट्यांचं पेन थांबलं.

"नाही... अण्णांसाठी. वडिलांसाठी."

महाराज पलंगाच्या कडेवर बसले.

"अण्णा पोस्टात होते," खांबेटे म्हणाले. "लोकांची पत्रं गावोगाव धाडली, स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. म्हणायचे, उल्हास, एकदा भर थंडीत डोंगरावर मुक्काम करू. दोन गोधड्या घेऊ, तुझ्या आईला घेऊ आणि निघू. मी म्हणायचो, थांबा अण्णा, गाडी होऊ दे. पहिल्या हिवाळ्यात काचा राहिल्या होत्या. दुसऱ्यात हीटर. तिसऱ्यात हीटरचा आवाज मला पसंत नव्हता..."

"आणि चौथ्यात?"

"चौथ्याला अण्णा नव्हते."

हीटर घरघरत राहिला. खांबेट्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलं नाही. दोन गोधड्यांत भागलं असतं, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. पण आजवर ते कुणापाशी तोंडातून निघालं नव्हतं.

"आई काय म्हणते?"

"म्हणते, आत्ताच चल. या खेपेला पिशवी भरून दारात उभी होती. शाल घेतलीय म्हणाली, मला काही होत नाही."

"मग?"

"मी म्हणालो, आधी मी एकटा जाऊन गाडी तपासून येतो... तिने पिशवी परत आत नेली."

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं.

"घरी कुठे झोपते ती?"

"मागच्या खोलीत. नदीच्या अंगाला."

"तिथली खिडकी नीट लागते?"

खांबेट्यांनी वही मिटली.

"चौकट फुगलीय," ते म्हणाले. "लागत नाही. फटीत ती जुनं पातळ कोंबते."

"कधीपासून?"

"अण्णा होते तेव्हापासून..."

हे सांगताना त्यांनी महाराजांकडे पाहिलं नाही. फोम होता, रबर होतं, कारागीर होते, आणि ती खोली गाडी उभी राहायची तिथून वीस पावलांवर होती. स्वतःची इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

महाराज उठले. हीटरचं बटण शोधून त्यांनी तो बंद केला आणि पायरी उतरून झोपडीच्या दिशेने चालू लागले.

खांबेटे वही हातात घेऊन दारात आले.

"महाराज, तुम्ही इतकी वर्षं डोंगरावर काढलीत. थंडीत कसं राहायचं, तेवढं तरी सांगून जा."

महाराज थांबले.

"मला कशाला विचारतोस? इतके हिवाळे जी त्या खिडकीशी झोपली, तिला विचार."