मधाची चोखणी

एका राज्यात रडायला बंदी होती. मोठ्यांना नव्हे, लेकरांना. राजा पर्णदत्ताची राणी बाळंतपणात गेली, आणि ती डोळे मिटत असताना पाळण्यात राजकन्या मंजिका रडत होती. तेव्हापासून लेकराचे रडणे कानी पडले की राजाला तो दिवस पुन्हा दिसे. त्याने दवंडी पिटवली, "माझ्या राज्यात मूल रडता कामा नये." दुःखाने पिसाटलेले राजे असलेच हुकूम काढतात, आणि प्रजा ते निमूट पाळते.

पण मूल रडायचे थांबावे कसे? ती युक्ती राजकन्येच्या दाईने काढली. तिचे नाव भिवरा. मऊ फडक्याची इवलीशी पुरचुंडी बांधून, मधात बुडवून, तिने ती बाळाच्या तोंडात दिली. बाळ गप्प झाले. त्या पुरचुंडीला चोखणी असे नाव पडले आणि हा हा म्हणता ती घरोघरी गेली. मूल पडले, दे चोखणी. हट्टाला पेटले, दे चोखणी. झोप येईना, दे चोखणी, आणि ती तोंडात तशीच ठेवून मूल सकाळपर्यंत झोपे. राज्य कसे शांत शांत झाले. राजाने भिवरेला भरजरी शालू दिला.

त्या राज्याचे कोठार मंतरलेले होते. सुगीचे धान्य आत गेले की त्याचे दार आपोआप मिटे. राजघराण्यातल्या लेकराने दाराशी उभे राहून नव्या जोंधळ्याचा दाणा दाताने फोडायचा, त्याचा कट् असा आवाज दाराने ऐकायचा, तेव्हाच ते उघडे. राजाने आपल्या बालपणी ते उघडले होते, त्याच्या बापाने त्याच्या बालपणी. मधल्या वर्षांत चुलत घराण्यातली थोरली मुले उघडत, ती आता मोठी झाली होती. मंजिका सहा वर्षांची झाली तेव्हा तिची पाळी आली. सगळी प्रजा जमली. तिने दाणा दाताखाली धरला आणि चावला. दाणा साबूत राहिला, दात तुटला. मग चुलत भावंडांना पुढे केले. एकाच्याही दाताने दाणा फुटला नाही. दार जागचे हलले नाही.

घराघरांत जेमतेम तीन महिन्यांचे धान्य उरले होते.

राजपुरोहित म्हणाला, "महाराज, हा शाप आहे. उत्तरेच्या डोंगरात अर्कसिद्ध नावाचा मांत्रिक राहतो. ही करणी त्याचीच."

सरदार घोड्यांवरून गेले आणि वाट न सापडता परतले. मग भिवरा पायी निघाली. मंजिकेला तिने पोटच्या पोरीसारखे वाढवले होते. त्या तुटलेल्या दाताचा तुकडा तिनेच पदरात उचलून घेतला होता.

डोंगराच्या पायथ्याशी एका उंबरावर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, कुठे निघालीस?"

"माझ्या मंजिकेचे दात परत मागायला."

"मला दात नाहीत. ज्यांना आहेत त्यांची काळजी पाहून मला बरेच वाटते. माझ्या मागून ये."

सरदारांनी पक्ष्याला वाट विचारली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसांनी पक्ष्याला काय विचारायचे!

अर्कसिद्ध गुहेच्या तोंडाशी बसून मुळ्या ठेचत होता. भिवरेने हात जोडले. "शाप सोडवा, सिद्धबाबा."

"तीन कामे कर, सुटेल. पहिले काम. त्या कड्याखाली हत्तीएवढा धोंडा आहे, तो उचलून आण."

भिवरा कड्याखाली गेली. धोंडा होता हत्तीएवढाच, पण तिने हात लावताच तो टोपलीसारखा उचलला गेला. आत तो पार पोकळ होता. वर कड्याला मधाचे पोळे लटकले होते, आणि त्यातून एकेक थेंब, एकेक थेंब, त्या धोंड्याच्या एका भोकात पडत होता. भिवरेने धोंडा डोक्यावर घेतला आणि सिद्धापुढे ठेवला.

"दुसरे काम. पलीकडच्या कडुनिंबाची एक काडी आण."

कडुनिंब म्हणाला, "काडी देईन. आधी सांग, राजकन्येचे केस केवढे?"

"कमरेला दोन बोटे कमी."

"तीळ कुठे आहे?"

"उजव्या कोपराच्या आतल्या अंगाला."

"दात किती आणि कसे?"

हे मात्र भिवरेला ठाऊक नव्हते. सहा वर्षे तिने मंजिकेला न्हाऊ घातले, वेणी घातली, नखे काढली. पण तोंडात कधी डोकावून पाहिले नव्हते. तिथे तर सदा चोखणी असे.

"पाहून ये," झाड म्हणाले.

चार दिवस चालून ती राजवाड्यात आली. मंजिकेला उन्हात बसवले, चोखणी काढली आणि म्हणाली, "आ कर, माझी सोनी." मग तिने पाहिले. पुढचे दात हिरड्यांपाशी झिजून काळे पडले होते. दाढांना खळगे पडले होते, अगदी त्या धोंड्याला होते तसे. तिने एकेक दात बोट लावून मोजला. शेवटच्या दाढेमागे हिरडी जराशी उकलली होती आणि तिथे तांदळाच्या कणीएवढे काही पांढरे, स्वच्छ दिसत होते.

ती पुन्हा चार दिवस चालली. "वीस दात. एक तुटला, चौदा किडले, पाच बरे. आणि मागे एक नवी दाढ येते आहे."

"ती जन्मभराची आहे," कडुनिंब म्हणाला. "ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही." आणि त्याने काडी खाली टाकली.

अर्कसिद्धाने तिच्या हाती मातीची रिकामी घागर दिली. "तिसरे काम. ही राजकन्येच्या रडण्याने भर. परत आणायची गरज नाही."

भिवरा म्हणाली, "राजा मला सुळावर देईल."

"देईलही."

"शाप कोणाचा, एवढे तरी सांगा."

"ते तू मला सांग."

भिवरेने पदरातला दाताचा तुकडा हातात घेतला. मग म्हणाली, "माझा. पण मी तिच्यावर जीव टाकला होता, सिद्धबाबा."

"म्हणून तर कोणाला संशय आला नाही," सिद्ध म्हणाला, आणि पुन्हा मुळ्या ठेचू लागला.

भर दरबारात, राजा सिंहासनावर असताना, भिवरेने मंजिकेच्या तोंडातली चोखणी काढून घेतली आणि पुढ्यात घागर ठेवली. मंजिकेने आधी हात पसरले, मग ओठ काढले, आणि मग सहा वर्षांत फुटला नव्हता असा टाहो फोडला. रडणे घागरीत उतरू लागले. दरबारी जागच्या जागी गोठले. राजा दोन्ही कानांवर हात दाबून उठला.

"दाई, ते तिच्या तोंडात घाल!"

"नाही, महाराज."

"मी तुझे मुंडके उडवीन."

"उडवा. घागर भरू द्या, मग उडवा. तोवर फक्त कानांवरचे हात काढा."

तलवार उपसायची तर राजाला हात खाली घ्यावेच लागले. आणि हात खाली घेतल्यावर त्याला ऐकू आले. मंजिका नुसती रडत नव्हती. ती रडता रडता बोलत होती.

"बाबा, दुखतं. बाबा, कधीचं दुखतं आहे. खूप दुखतं."

राजाच्या हातून तलवार गळाली. सहा वर्षे त्याच्या राज्यात कोणतेच लेकरू रडले नव्हते, आणि म्हणून कोणाला कुठे दुखते आहे हे कोणालाच कळले नव्हते. तो पायऱ्या उतरून आला, मंजिकेला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. रडणे तसेच चालू राहिले. त्याने ते सगळे ऐकले. राणीचा तो दिवस पुन्हा दिसला, तरी तो उठला नाही. त्याचेही डोळे वाहू लागले.

घागर काठोकाठ भरली. तिच्यात कोमट, खारट पाणी होते. भिवरेने त्या पाण्याने मंजिकेला चुळा भरायला लावल्या, काडीचे टोक चावून मऊ करून दात घासले. मंजिकेने तोंड वेडेवाकडे केले. "कडू आहे," ती म्हणाली.

बंदी उठली. चोखण्या सुटायला मात्र वेळ लागला. पहिले आठ दिवस राज्यभर असा काही आकांत चालला की कावळेसुद्धा वेशीबाहेर जाऊन बसले. लोक बिचारे जागरणाने हैराण झाले. पण मुलांना उचलून घेऊ लागले, गोष्टी सांगू लागले, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांची तोंडे उघडून पाहू लागले. मध पोळीबरोबर जेवताना मिळे, मग चूळ. संध्याकाळची काडी मंजिकेला राजा स्वतः धरी. भिवरेने शालू परत केला, दाईपण मात्र सोडले नाही, आणि राजाने ते काढूनही घेतले नाही.

तिसरा महिना सरला. कणग्या खरवडून झाल्या होत्या. प्रजा पुन्हा कोठारापुढे जमली. मंजिकेने दाणा पार मागे, नव्या दाढेखाली सरकवला आणि डोळे मिटले.

कट्.

मिटलेले दार करकरत उघडले आणि माणसांचा लोंढा सुपे, टोपल्या घेऊन आत धावला. ढोल वाजू लागले. राजाने मात्र दाराकडे पाहिलेही नाही. तो मंजिकेसमोर गुडघ्यांवर बसला आणि घाबऱ्या आवाजात त्याने विचारले, "दुखले का गं?"